चढ आला की उतरणारे मिस्त्री

मिस्त्रींना गाडी चालवता येत नाही हे मला कळलं, तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, "स्वतः न जेवणाऱ्या आचाऱ्याला आपण पंगत सांगून बसलो." हे नेहमीसारखे नुसते हसले. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आणि गाडी चालवायचं ह्यांच्याकडे. म्हणून तर बागेतला संत्रा बाजारात न्यायचा असला की मी ट्रकमध्ये ह्यांच्या शेजारी बसून जाते. हे एकटे गेले तर व्यापारी म्हणेल त्या भावाला मान डोलावून परत येतील.

मिस्त्री जाऊन आता दोन वर्षं होतील. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, पुढे कडुनिंबाचं झाड. झाडाखाली एक खुर्ची आणि खुर्चीत मिस्त्रींचे थोरले भाऊ. त्यांना डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. कुबडी झाडाला टेकवून ते दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेत बसायचे. आम्ही त्यांना मोठे चाचा म्हणायचो. मिस्त्रींना मात्र सगळं गाव मिस्त्रीच म्हणायचं; समोर आम्ही चाचा म्हणायचो आणि मोठे चाचा लाडात आले की बाबू. दोघं भाऊ एकमेकांशी उर्दूत बोलत आणि भांडताना वऱ्हाडीवर येत. त्यामुळे गॅरेजात शिरायच्या आधीच आतलं हवामान कळायचं.

मिस्त्री दिसायला किरकोळ. कानावर पेन्सिलीसारखा खडू. गाडीचं नाव, कंपनी, नंबर काही त्यांच्या लक्षात राहत नसे. ते गाडी तिच्या मालावरून ओळखत. रेतीवाली, गिट्टीवाली, ढेपवाली. आमची संत्रेवाली. आणि गाडी संत्रेवाली म्हणून मीही संत्रेवाली. गॅरेजात कोणी हॉर्न वाजवलेला त्यांना चालायचा नाही. एकदा एका सरपंचानं बाहेरूनच दोनदा वाजवला, तर मिस्त्री हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "बोला ना साहेब, तोंड नाई काय तुमाले?"

पण त्यांची खरी ख्याती होती मोजायला लावण्याबद्दल. गाडी ओढत नाही म्हणून कोणी आलं की ते मागचं एकच चाक जॅकवर उचलत. त्या चाकावर खडूची रेघ मारत. इंजिनाकडून मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो, त्यावर दुसरी रेघ. मग स्वतः चाक हातानं दोन पूर्ण फेरे हळूहळू फिरवत आणि तेवढ्यात तो दांडा किती वेळा फिरला हे मोजायचं काम गाडीच्या मालकाचं. तेही मोठ्यानं. मालक कितीही पांढरे कपडे घालून आलेला असो, त्याला गोणपाटावर आडवं होऊन गाडीखाली डोकं घालावंच लागे. एक, दोन, तीन, चार. आकडा जरा अडखळला की मिस्त्री चाक सोडून देत.

"मोज चुकली. पयल्यापासून."

मोज पूर्ण होईपर्यंत चहा येत नसे. मी एका कापूस व्यापाऱ्याला चार वेळा पहिल्यापासून मोजताना पाहिलं आहे. चौथ्या वेळी मोठे चाचा खुर्चीतून ओरडले, "अरे सांगून दे ना त्याले, बिचाऱ्याचा धंद्याचा दिवस हाय!" मिस्त्रींनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याची गाडी त्याला तिचा आकडा पाठ पाहिजे. पोरीचं वय बापाला माहीत नसलं तर कसं दिसेल?

दुसरी त्यांची खोड म्हणजे उट्या. चढावर थांबलेली गाडी मागे घसरू नये म्हणून चाकाला जो लाकडी ठोकळा लावतात, ती उटी. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर मिस्त्री बाभळीच्या उट्या तासत बसायचे. तासून जळक्या तेलात मुरवायच्या, एका टोकाला भोक पाडून सुतळी ओवायची. काम झालेल्या प्रत्येक गाडीत एक उटी ठेवली जायची. त्याचे पैसे घेत नसत. कोणी म्हटलं की आमच्याकडे आहे, तर म्हणत, "असू दे. एकीले दुसरी सोबत."

आणि तिसरी खोड, जी पाहून मला पहिल्यांदा हसू आवरलं नव्हतं. दुरुस्तीनंतर गाडीचा आवाज ऐकायला मिस्त्री सोबत यायचे. डाव्या दाराशी बसायचे, डोळे मिटून, तळहात दारावर टेकवून. पण चढाचा पायथा आला की दारावर थाप मारायचे. गाडी थांबायची. मिस्त्री उतरायचे, उटी काखेत मारायचे आणि गाडीच्या मागच्या चाकाशेजारून चालत चढ चढायचे. माथ्यावर आले की घाम पुसत पुन्हा आत बसायचे. भर उन्हातसुद्धा. गाडी रिकामी असली तरीसुद्धा. लोकांनी त्याला एक नवस ठरवून टाकलं होतं. मी म्हणायचे, म्हाताऱ्याला आपल्याच हातच्या कामावर भरवसा नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते.

बागेत जायचा आमचा पांदण रस्ता म्हणजे काळी माती. परतीचा पाऊस लागला की ट्रकचं पोट चिखलाला टेकतं आणि बैलजोडी लावून ओढावा लागतो. त्या वर्षी तीन वेळा ओढला. मग मला कुठूनसे मोठ्या मापाचे, जवळजवळ नवे टायर मिळाले. टायर मोठे म्हणजे गाडी चार बोटं तरी उंच होणार, पोट टेकणार नाही, आणि खरं सांगायचं तर रुबाबदारही दिसणार. हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. टायर गाडीत घालूनच आम्ही मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी टायर पाहिले, विटेवर उभं राहून वरून हात फिरवला आणि विचारलं, "गाडी कोन्या रस्त्यानं जाते?"

"कामरगावहून कारंज्याले. कधी इकडं मंगरूळले."

"चढ किती लागते?"

"मी काय चढ मोजून राह्यली काय चाचा?"

"मंग मोजून ये."

मी रागानं परत आले आणि दुसऱ्या दिवशी कागदावर लिहूनच नेलं. मोठे दोन, लहान सात. मिस्त्रींनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग मला गाडीखाली घालून मोजायला लावलं. दोन फेऱ्यांना दांडा पाच वेळा पूर्ण फिरला आणि वर पाव फेरा. मी पहिल्याच खेपेला बरोबर मोजलं, याचं मोठ्या चाचांनी जाहीर कौतुक केलं.

"सव्वापाच," मिस्त्री म्हणाले. "आता आयक. लहान पोराले मोठ्या चाकाची सायकल देल्ली. एका फेऱ्यात जागा जास्ती कापते. सपाटीवर पोरगं खुश. पन चढावर पाय थरथरते. दम तं त्याचा तेवढाच हाय ना? तुह्या इंजिनाचा दम बी तेवढाच हाय. चाक मोठं पायजे तं मागची क्राउन-पिनियन बदलाव लागन. सव्वापाचाचे पावनेसहा करा लागते. तवा पोराचा पाय हलका व्हते."

मागच्या एक्सलच्या मधोमध जो भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, त्यात दातेरी चाकांची ती जोडी बसते. ती अकोल्याहून मागवावी लागणार होती, दहा-बारा दिवस. आणि माझा संत्रा झाडावर पिवळा झाला होता.

"टायर आज बसवा," मी म्हटलं. "क्राउन तोडा झाल्यावर पाहू."

"दोनी संगच बसन. नाई तं एक बी नाई."

"त्या रिसोडच्या धान्यवाल्याले तं तुमीच सांगतलं ना, टायर मोठे झाले तरी क्राउन नको बदलवू म्हनून!"

"त्याची गाडी सपाटीवर चालते. त्यानं बदललं असतं तं नुसतं डिझेल पेलं असतं तिनं. तुह्या कागदावर नऊ चढ हाय, बाई."

"मले नका सांगू. गाडी माही हाय."

"गाडी तुही हाय," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पन तिच्यात तुहा मालक बसते."

मालक म्हणजे आमचे हे. हे तेव्हा बाजूला उभे राहून चपलेतला खडा काढत होते. मी म्हटलं, चला. गाडी सुरू झाली तेव्हा मिस्त्री धावत आले आणि माझ्या उघड्या खिडकीतून एक उटी आत टाकली. ती माझ्या पायावर पडली. लागलीही. मी मागे वळून पाहिलं नाही.

रिसोडला एका दुकानात तासाभरात टायर बसले. कोणी काही मोजायला लावलं नाही, चहा मात्र आधी पाजला. गाडी खरोखर देखणी दिसत होती. पांदण रस्त्यानं न टेकता निघाली. मी ह्यांना चार दिवस टोमणे मारत होते, की बघा, तुमचे मिस्त्री. काटा नेहमीपेक्षा कमी वेग दाखवायचा आणि गाडी मात्र जास्त पळायची, तीही मला गंमतच वाटली. हे एवढंच म्हणाले की दुसऱ्या गिअरला जरा जड जातंय. ह्यांचं 'जरा' म्हणजे किती, हे लग्नाला वीस वर्षं झाल्यावर तरी मला कळायला हवं होतं.

पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, कॅरेटांनी भरलेली गाडी घेऊन आम्ही मोठ्या चढाला लागलो. अर्ध्यावर दुसरा गिअर गुदमरला. ह्यांनी पहिला टाकला. गाडी दोन झटके खाऊन बंद पडली. क्लचचा जळका वास आला. ह्यांनी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, पुन्हा सुरू करून पाहिलं, आणि मला जाणवलं की समोरचं बाभळीचं झाड हळूहळू पुढे सरकतंय. म्हणजे आम्ही मागे जात होतो. मागे एक ऑटो होता, त्यात बाजाराला निघालेल्या तीन बाया. ह्यांच्या मानेच्या शिरा मी कधी तशा पाहिल्या नव्हत्या. इंजिन बंद पडल्यामुळे ब्रेकला जोर नव्हता; पाय ब्रेकवर, आणि गाडी थांबत नव्हती.

मी उडी मारली. दगड शोधला. रस्ता नवा झाला होता, कडेला औषधालाही दगड नव्हता. मग सुतळी आठवली. केबिनमध्ये हात घालून सुतळी ओढली, उटी बाहेर आली, ती घेऊन मागे पळाले आणि डाव्या चाकामागे सारली. चाक तिच्यावर निम्मं चढलं, लाकूड करकरलं, आणि गाडी थांबली. ऑटो वीतभर अंतरावर होता. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "माय, किती वेळची बोंबलून राह्यली मी!" मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

निम्मे कॅरेट दुसऱ्या गाडीत चढवून माल कसाबसा बाजारात पोचवला आणि आमची गाडी मिस्त्रींच्या दारात ओढत आणली. मी मनात वाक्यं तयार ठेवली होती. ते काय बोलतील आणि मी काय उत्तर देईन, सगळं. मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं, मग उटीकडे. तिच्यावर टायरची नक्षी उमटली होती.

"कोनं लावली?"

"मी."

"दगड काहून नाई लावला?"

"दगड कुठी होता? रोड नवा होता."

मिस्त्री एकदम खाली बसले. तिथेच, मातीत. मग उठले आणि गाडीखाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

मोठ्या चाचांनी मला हातानं जवळ बोलावलं. "तूनं मुद्दाम नाई म्हटलं, पोरी. पन याचा बी रोड नवाच होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भावांची स्वतःची एक गाडी होती. मोठे चाचा चालवायचे, मिस्त्री सोबत असायचे आणि कधी कधी स्वतःही चालवायचे. होय, त्यांना गाडी येत होती, चांगली येत होती. गाडीला मोठे टायर बसवले मिस्त्रींनीच. क्राउन ईद झाल्यावर बदलू म्हणाले. एका चढावर गाडी अशीच बंद पडली आणि मागे निघाली. मिस्त्री दगडासाठी उतरले. नव्या डांबरावर त्यांना दगड सापडला नाही. गाडी मोठ्या चाचांसकट नाल्यात गेली.

"पाय गेला, मी राह्यलो," मोठे चाचा म्हणाले. "मी कवाच विसरलो. पाय माहा होता, मले विसरता येते. याले येत नाई. तवापासून चाकाले हात नाई लावला आन् चढावर गाडीत बसला नाई. मी किती खेपा सांगतलं, बाबू, एकडाव बस माह्यासंग. नाई. म्हनते, तुमी बसा, मी उटी घेऊन मागं हाव."

मी मागे वळून त्या बाहेर दिसणाऱ्या पायांकडे पाहिलं. त्यांना मी चारचौघांत हसले होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी गाडीजवळ गेले, गोणपाट ओढलं आणि आडवी झाले. मिस्त्री आत गोळ्याकडे पाहत नुसते पडून होते. मी म्हटलं, "चाचा, चुकलं माहं. अकोल्याहून मागवा. बाग थांबन."

"बाग कायची थांबते," ते म्हणाले. "मी सोता जाऊन आनतो."

आणि गेले. दुसऱ्याच दिवशी एसटीनं अकोल्याला जाऊन, पोत्यात गुंडाळलेली ती जड जोडी मांडीवर घेऊन आले. तीन दिवसांत काम झालं. क्लचची प्लेट नवी, क्राउन-पिनियन नवी, चाक मडगार्डला घासत होतं तेही सरळ केलं. मोजायला अर्थात मीच. पावणेसहा. चहा आला.

चौथ्या दिवशी आम्ही माल भरून पुन्हा त्यांच्या दारात. भरल्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय मिस्त्री सोडणार नव्हते. ते दाराशी चढले, तर मागून कुबडीचा आवाज. मोठे चाचा उभे.

"मी बी येतो."

"जागा नाई," मिस्त्री म्हणाले.

"संत्रेवाली सरकन."

मी सरकले. ह्यांच्या शेजारी मी, मग मोठे चाचा, आणि दाराशी मिस्त्री, मांडीवर तीच नक्षी उमटलेली उटी. गाडी मोठ्या चढाजवळ आली. पायथ्याशी मिस्त्रींनी दारावर थाप मारली. ह्यांनी सवयीनं गाडी थांबवली. मिस्त्रींनी दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

"उतर," मोठे चाचा म्हणाले. "पन तू उतरला तं मी बी उतरतो. मंग मले खांद्यावर घेऊन चढ."

"भाई, मजाक नका करू."

"मजाक कोन करून राह्यलं? ही कुबडी धर."

खरंच त्यांनी कुबडी पुढे केली. मिस्त्रींनी आधी भावाकडे पाहिलं, मग चढाकडे, मग ह्यांच्याकडे. तेव्हा आमचे हे, ज्यांना परक्या माणसासमोर दोन शब्द जोडायला संकट पडतं, ते म्हणाले, "चाचा, तुमचंच काम हाय. मले भरवसा हाय."

मिस्त्रींनी तो पाय आत घेतला. दार लावलं.

पहिला गिअर, मग दुसरा. गाडी गुरगुरत, पण न अडखळता चढायला लागली. मिस्त्रींनी डोळे गच्च मिटले होते. उटी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. मोठ्या चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन."

विजेचे खांब मोजत होते. पाचव्या खांबाला मिस्त्रींचे ओठ हलायला लागले. आठव्याला डोळे उघडले. दहाव्यापासून दोघं भाऊ एका आवाजात मोजत होते, शाळेत पाढे म्हणावेत तसे. बाभळीचं झाड आलं, जिथे आम्ही थांबलो होतो. हे न सांगता गाडी जरा दमानं घेऊ लागले. झाड मागे गेलं. मला रडू येत होतं, आणि का ते कोणी विचारू नये म्हणून मी समोर पाहत होते.

माथा आला. चहाच्या टपरीसमोर ह्यांनी गाडी उभी केली.

"बावीस," मोठे चाचा म्हणाले.

"तेवीस," मिस्त्री म्हणाले. इतका वेळ दोघं एकाच आवाजात मोजत होते, तरी.

"बावीस झाले, बाबू."

मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. डोळेही पुसले. मांडीवरची उटी उचलून त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि पाठ टेकवून सैल बसले. मग ह्यांच्याकडे वळून, गॅरेजात सगळ्यांना दटावायचे त्याच आवाजात म्हणाले,

"मोज चुकली. पयल्यापासून."

ह्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा चढाच्या पायथ्याकडे घेतली.